अभ्यासिकेचे आठ पीसी, त्यातले तीन वायफायविना : लिनक्सवर डोंगलचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर

रामघाट (धागाकर्ती) · रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

पंचवटीत एका जुन्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही अभ्यासिका चालवतो. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी असे अभ्यास करणारी मुलं-मुली येतात. बऱ्याच जणांकडे फक्त मोबाईल असतो आणि फॉर्म भरताना फोटो-सही ठरावीक केबीत बसवायची वेळ आली की मोबाईलवर हाल होतात. म्हणून देणगीत आलेले आठ जुने डेस्कटॉप मांडले आहेत. एक ते सात नंबरवर लिनक्स मिंट २१, आठव्यावर डेबियन ११ (हाही लिनक्सच), तो आला तसाच आहे. जुन्या भिंतींना भोकं पाडून केबल फिरवायला घरमालकांची परवानगी नाही, त्यामुळे प्रत्येकाला मागे यूएसबी वायफाय डोंगल लावलाय.

एक ते पाच छान चालतात. बाकीच्या तिघांचं असं :

सहा नंबर चार महिने व्यवस्थित होता. मागच्या आठवड्यात अपडेट दिला, रीस्टार्ट केला आणि वायफायचं चिन्हच गेलं.

सात नंबरचं गणित मला लागत नाही. रीस्टार्ट केला तरी चालतो, रात्री बंद करून सकाळी लावला तरी चालतो. पण लाईट जाऊन आली की वायफाय गायब. याला मी अपडेट दिलेला नाही, सहाचं पाहून हात आखडता घेतला.

आठ नंबरवर पहिल्यापासूनच नाही. त्याचा डोंगल काढून तीन नंबरला लावून पाहिला, तिथे लगेच चालला. म्हणजे डोंगल चांगला आहे.

सगळे डोंगल एकाच दुकानातून, एकाच खोक्यातले दिसणारे, दोन खेपांत घेतले. सहा आणि सात दुसऱ्या खेपेतले. तेव्हा येणाऱ्या एका मुलाने त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारे प्रोग्राम, टाकून दिले होते, तो आता नोकरीला लागून बाहेरगावी गेला. एका भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख पुढच्या सोमवारी आहे आणि पाच पीसीवर रांग लागते. मी कॉमर्सची. कमांड सांगितलीत तर नीट टाइप करून जे दिसेल ते इथे देईन.

सातपूर_फिटर · रविवार, रात्री १०:१५

ताई, दोन गोष्टी आधी पाहा. आरएफकिल लिस्ट ही कमांड चालवा (वायफाय कुठे बंद करून ठेवलंय का ते कळतं), सॉफ्ट ब्लॉक्ड किंवा हार्ड ब्लॉक्ड पुढे येस आहे का ते बघा. आणि डोंगलसोबत आलेल्या सीडीतला विंडोजचा ड्रायव्हर एनडिसरॅपर वापरून लिनक्समध्ये चढवता येतो. आमच्या वर्कशॉपच्या पीसीवर पूर्वी तसंच केलं होतं.

कर्नलवाला · रविवार, रात्री १०:४०

आरएफकिल पाहायला हरकत नाही. एनडिसरॅपर मात्र नको. ते विंडोज एक्सपीच्या काळातल्या ड्रायव्हरसाठी होतं, आजच्या कर्नलवर (लिनक्सचा गाभा) त्यात शिरलात तर अख्खा आठवडा जाईल.

ताई, तुमची माहिती फार नेटकी आहे, त्यामुळे अंदाज बांधता येतो. हे तीन वेगवेगळे बिघाड दिसतात. वायफाय नाही हे तिन्हीकडे सारखं दिसतं, म्हणून एकच वाटतं. खोकं आणि ब्रँड बाजूला ठेवा, आतली चिप कोणती ते पाहू.

एक ते आठ सगळ्यांवर एलएसयूएसबी ही यूएसबी वस्तूंची यादी देणारी कमांड चालवा (इथे आपण देवनागरीत लिहितो, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं). प्रत्येक ओळीत आयडी या शब्दापुढे चार-चार अक्षरांची जोडी असते, पहिली बनवणाऱ्याची, दुसरी वस्तूची. ती जोडी हवी. मग एलएसयूएसबी -टी. यात झाडासारखी रचना दिसते आणि प्रत्येक फांदीवर ड्रायव्हर= असं लिहिलेलं असतं. डोंगलच्या ओळीत त्यापुढे काय आहे ते जसंच्या तसं द्या. काहीच नसेल तर रिकामं आहे असं लिहा. रिकामं असणं हीसुद्धा माहिती आहे.

सात नंबरवर हे दोनदा करा. एकदा चालू असताना, आणि एकदा मागची पॉवर केबल काढून, मिनिटभर थांबून, पुन्हा लावून.

रामघाट · सोमवार, दुपारी १:२०

सकाळी मुलं यायच्या आत सगळं केलं. वहीत उतरवलं, त्यातून देते.

आरएफकिलमध्ये सगळीकडे नो.

एक ते पाच : आयडी ०बीडीए:८१७९. ड्रायव्हर=आर८१८८ईयू.
सहा : आयडी ०बीडीए:सी८११. ड्रायव्हर= पुढे रिकामं.
सात, चालू असताना : ०बीडीए:सी८११, ड्रायव्हर=आरटीएल८८२१सीयू.
सात, केबल काढून लावल्यावर : ०बीडीए:१ए२बी, ड्रायव्हर=यूएसबी-स्टोरेज.
आठ : ०बीडीए:८१७९, ड्रायव्हर=आर८१८८ईयू.

सातवर अजून एक दिसलं. केबल काढून लावल्यावर डेस्कटॉपवर सीडीचं चिन्ह आलं. या पीसीला सीडी ड्राइव्हच नाही! त्या चिन्हावर राइट क्लिक करून इजेक्ट केलं, तर चिन्ह गेलं आणि चार-पाच सेकंदांत वायफायची यादी आली. म्हणजे हा डोंगल स्वतःला सीडी समजतोय का?

कर्नलवाला · सोमवार, दुपारी २:०५

ताई, सातचं निदान तुम्हीच केलंत.

या चिपच्या कित्येक डोंगलमध्ये छोटी मेमरी असते आणि तिच्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. वीज मिळाली की डोंगल आधी सीडी म्हणून उभा राहतो, म्हणजे विंडोजवाल्याला वेगळी तबकडी लागू नये. ते काम झालं की त्याला 'सीडी बाहेर काढ' असा हुकूम मिळतो आणि मग तो वायफाय म्हणून नव्याने हजर होतो, नव्या आयडीने. १ए२बी हे त्याचं सीडीचं रूप, सी८११ हे वायफायचं. तुमच्या इजेक्टने नेमका तोच हुकूम गेला.

आता लाईटचा संबंध. पीसी शटडाउन केला तरी बऱ्याच मदरबोर्डवर यूएसबीला पाच व्होल्ट मिळत राहतात. डोंगलच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं, तो वायफायच्याच रूपात राहतो. लाईट गेली की त्याची वीज खरोखर तुटते आणि तो पुन्हा सीडी होऊन उठतो. त्या मुलाने बहुधा हुकूम एकदा हाताने दिला होता, कायमचा केला नव्हता.

कायमचा करण्यासाठी यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज टाका. मग ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी या फोल्डरमध्ये एका ओळीची फाईल करायची : व्हेंडर ०बीडीए आणि प्रॉडक्ट १ए२बी असं काही लागलं की यूएसबी_मोडस्विच -के चालव. हा के कॅपिटल. नेमकी ओळ व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवतो, अवतरण चिन्हं इकडची तिकडे झाली तर चालणार नाही.

निफाडकर · सोमवार, दुपारी ४:३०

वाचतोय. माझ्या चुलतभावाचा असाच डोंगल 'खराब निघाला' म्हणून कपाटात पडलाय. आज जाऊन आयडी बघतो.

कर्नलवाला · सोमवार, रात्री ९:१०

आता सहा नंबर.

सी८११ म्हणजे आरटीएल ८८२१ सीयू ही चिप. तुमच्या मिंट २१ सोबत ५.१५ कर्नल येतो आणि त्यात या यूएसबी चिपचा ड्रायव्हर नाही. म्हणून त्या मुलाने बाहेरून सोर्स (मूळ कोड) आणून ड्रायव्हर तयार केला. असा ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बनवला त्याच कर्नलच्या फोल्डरमध्ये बसतो, लिब/मॉड्यूल्स आणि पुढे कर्नलचा पूर्ण नंबर. अपडेटने नवा कर्नल आला, त्याचं फोल्डर वेगळं, त्यात हा ड्रायव्हर नाही. म्हणून ड्रायव्हर= पुढे रिकामं. डीकेएमएस वापरलं असतं तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप पुन्हा बनला असता, अर्थात हेडर्सचं (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाईलींचं) पॅकेज असेल तरच.

खात्री करून घ्या : चालू होताना ग्रबच्या मेनूत अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि आधीचा कर्नल निवडा. वायफाय परत आलं तर निदान पक्कं.

उपाय दोन. पुन्हा बाहेरचाच ड्रायव्हर बनवायचा, या वेळी डीकेएमएसने. किंवा कर्नलच नवा घ्यायचा. ६.२ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून, आरटीडब्ल्यू८८ या कर्नलमधल्याच ड्रायव्हरला यूएसबीवरच्या ८८२१ सीयूची ओळख आहे. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स आहे, तिथे ६.८ मिळेल. अभ्यासिकेसाठी मी यातला दुसरा, नव्या कर्नलचाच उपाय सांगेन. उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी बसेल, त्याला सोर्स आणि मेकफाईल यांच्याशी झगडायला लागू नये.

एक ते पाचला हात लावू नका. त्यांचा आर८१८८ईयू ड्रायव्हर कर्नल ६.३ मध्ये काढून टाकला, त्याचं काम आता आरटीएल८एक्सएक्सएक्सयू करतो. चालेल तेही, पण फॉर्मच्या आठवड्यात चालत्या मशीनवर प्रयोग कशाला?

लॅपटॉपवाली · सोमवार, रात्री ९:४५

बाहेरचा ड्रायव्हर बनवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. लॅपटॉपवर सिक्युअर बूट (चालू होताना सही तपासणारी सोय) चालू असेल तर बिनसहीचा मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाईल, कर्नल घेत नाही. मोडप्रोब केलं (ड्रायव्हर हाताने चढवला) की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं येतं आणि माणूस ड्रायव्हर चुकीचा समजून पुन्हा पुन्हा बनवत बसतो. मोकयूटिलने आपली किल्ली नोंदवायची आणि पुढच्या रीस्टार्टला येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती मंजूर करायची. मी गंगापूर रोडच्या माझ्या खोलीवर यात दोन रात्री घालवल्या, म्हणून लिहिलं.

रामघाट · मंगळवार, रात्री ८:३०

सात झाला! तुमची ओळ टाकली, पॉवर केबल तीन वेळा काढून लावली, तिन्ही वेळा वायफाय आपोआप आलं. सीडीचं चिन्ह क्षणभर चमकतं आणि जातं.

सहावर जुना कर्नल निवडला तर वायफाय आलं, म्हणजे निदान बरोबर. त्याच नेटवरून ६.८ घेतला, रीस्टार्ट केला. पण परत रिकामं. यूनेम -आर (चालू कर्नलचा नंबर) ६.८ च दाखवतंय. आयडी सी८११ च आहे. एलएसमॉडमध्ये (चढलेल्या ड्रायव्हरांच्या यादीत) आरटीडब्ल्यू कुठेच नाही.

कर्नलवाला · मंगळवार, रात्री ८:५५

हाताने चढवून पाहा : सुडो मोडप्रोब आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू. आणि ईटीसी/मोडप्रोब.डी या फोल्डरमध्ये कोणत्या फाईली आहेत ते सांगा.

रामघाट · मंगळवार, रात्री ९:२०

मोडप्रोब केल्याबरोबर वायफाय आलं! रीस्टार्टला पुन्हा गेलं.

फोल्डरमध्ये ब्लॅकलिस्ट नावाच्या बऱ्याच फाईली आहेत आणि एक ८८२१सीयू.कॉन्फ. ती उघडली. वरती बरंच काही लिहिलंय, मध्येच एक ओळ : ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू.

कर्नलवाला · मंगळवार, रात्री ९:३०

सापडलं. बाहेरचा ड्रायव्हर आणि कर्नलमधला ड्रायव्हर एकाच डोंगलवर भांडू नयेत म्हणून ती फाईल कर्नलमधल्याला मज्जाव करते. तेव्हा तिचं काम रास्त होतं. आता बाहेरचा ड्रायव्हर नाही आणि मज्जाव तेवढा राहिला. फाईल काढून टाका आणि रीस्टार्ट करा. पुढे कधी सातवर ६.८ टाकाल तेव्हा तिथेही हीच फाईल असेल, ती आधी काढा.

रामघाट · मंगळवार, रात्री ९:४५

आलं. ड्रायव्हर=आरटीडब्ल्यू_८८२१सीयू. दोनदा रीस्टार्ट करून पाहिलं, दोन्ही वेळा आलं.

सातपूर_फिटर · मंगळवार, रात्री १०:०५

वा ताई! कर्नलवाले सर, मी एनडिसरॅपर सुचवला ते मागे घेतो. माझा अनुभव जुना झाला. वर्कशॉपचा पीसीही आता नीट बघतो.

कर्नलवाला · बुधवार, सकाळी ७:४०

राहिला आठ. तिथे चिप ओळखीची, ड्रायव्हर लागलेला, तरी वायफाय नाही. तोच डोंगल तीन नंबरवर चालतो हे तुम्ही आधीच पाहिलंत, तो फार मोलाचा तपास होता.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ड्रायव्हर आपल्या पीसीच्या प्रोसेसरवर, कर्नलच्या आत चालतो. फर्मवेअर चालतं डोंगलच्या आतल्या चिमुकल्या प्रोसेसरवर. स्वस्त डोंगलमध्ये ते कायमचं साठवायला जागा नसते, म्हणून दर वेळी चालू होताना ड्रायव्हर लिब/फर्मवेअर या फोल्डरमधून फाईल उचलतो आणि डोंगलमध्ये ओततो. फाईल नसेल तर डोंगल जागा होतो पण त्याला काहीच करता येत नाही.

आठवर सुडो डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवा आणि त्यात फर्मवेअर हा शब्द शोधा.

रामघाट · बुधवार, दुपारी १२:१०

ओळ मिळाली : फर्मवेअर: फेल्ड टू लोड आरटीएलवायफाय/आरटीएल८१८८ईयूएफडब्ल्यू.बिन (-२). आठ-दहा वेळा तीच ओळ आहे.

कर्नलवाला · बुधवार, दुपारी १२:४०

वजा दोन म्हणजे 'अशी फाईल नाही'. मिंट किंवा उबंटूवर हीच तक्रार डायरेक्ट फर्मवेअर लोड अमुकतमुक फेल्ड विथ एरर -२ अशा शब्दांत येते.

डेबियन ११ पर्यंतच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये ज्यांचा सोर्स खुला नाही अशी फर्मवेअर नसत. हा त्यांच्या तत्त्वाचा भाग होता आणि मी त्याचा आदर करतो, पण नवख्या माणसाचं वायफाय नेमकं त्यात अडकायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच ती येतात.

तुमच्या ११ वर ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट मध्ये मेनच्या पुढे कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री हे शब्द जोडा, अपडेट करा आणि फर्मवेअर-रिअलटेक हे पॅकेज घ्या. त्यासाठी नेट हवं, तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. लिनक्स तो सरळ नेटवर्क कार्ड म्हणून ओळखतो, वेगळं काही टाकावं लागत नाही.

लॅपटॉपवाली · बुधवार, दुपारी १:००

टेदरिंग जमत नसेल तर तीन नंबरच्या लिब/फर्मवेअर/आरटीएलवायफाय मधून तीच फाईल पेनड्राइव्हवर घेऊन आठच्या त्याच फोल्डरमध्ये टाकली तरी चालेल. मिंट २१ वर फाईल साधी .बिन असते. नव्या मिंट २२ वरून घेऊ नका, तिथे ती .झेडएसटी अशी दाबलेली असते आणि डेबियन ११ च्या ५.१० कर्नलला ती उलगडता येत नाही.

रामघाट · गुरुवार, रात्री ९:१५

टेदरिंग केलं, पॅकेज आलं, डोंगल काढून लावला आणि आठवर वायफाय आलं. आठही पीसी चालू. आज संध्याकाळी पहिल्यांदाच रांग नव्हती. एक मुलगी दिंडोरीहून रोज एसटीने येते, शेवटच्या गाडीच्या वेळेमुळे तिचा नंबर नेहमी हुकायचा. आज सहा नंबरवर बसून तिने फॉर्म पूर्ण भरला, फी भरली, प्रिंट घेतली आणि गाडीही गाठली. तिने आभार मानले ते खरं तर तुमचे आहेत.

एक शेवटचं. सहा आणि सात आतल्या खोलीत आहेत, मध्ये जवळपास दोन फूट जाडीची भिंत. वायफाय जोडलेलं दिसतं पण पानं अडकत अडकत उघडतात. शेजारचा पाच नंबर (पहिल्या खेपेतला) त्याच खोलीत बरा चालतो.

कर्नलवाला · गुरुवार, रात्री ९:५०

हेही चिपचंच. पहिल्या खेपेतले फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ८८२१ सीयू दोन्ही बँडवर चालतो आणि संधी मिळाली की पाच गिगाहर्ट्झला चिकटतो. पाचचा वेग जास्त, पण जाड भिंतीतून तो लवकर विरतो. नेटवर्क मॅनेजरमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करून टाका. टर्मिनलमधून करायचं तर एनएमसीएलआयने कनेक्शनच्या ८०२-११-वायरलेस.बँड या जागी बीजी लिहायचं.

दुसरं, डोंगल पीसीच्या मागे पत्र्याला खेटून असतील. मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन ते टेबलावर, दाराच्या बाजूला आणा. एमजी रोडला सहज मिळेल.

तरीही मध्येच झोप घेत असेल तर पॉवर सेव्ह बंद करा. ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी मध्ये डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ ही फाईल आहे, त्यात वायफाय.पॉवरसेव्ह ३ आहे ते २ करा. पण आधी बँड आणि केबल, एका वेळी एकच बदल. नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

निफाडकर · शुक्रवार, सकाळी ११:३०

ताई आणि सर, चुलतभावाचा डोंगल काढला. लावल्यावर तोच १ए२बी आणि यूएसबी-स्टोरेज. इजेक्ट केलं तर आयडी बी८१२ झाला, सी८११ नाही. ड्रायव्हर= रिकामं. मिंट २१ च आहे. आमच्यासाठीही हाच उपाय का?

रामघाट · शुक्रवार, दुपारी १२:०५

दादा, मी शोधून पाहिलं. बी८१२ म्हणजे आरटीएल ८८२२ बीयू, चिप वेगळी पण त्याच घराण्यातली. तिचाही ड्रायव्हर आरटीडब्ल्यू८८ मध्ये ६.२ पासूनच आहे. यूनेम -आर टाकून बघा, ५.१५ असेल तर अपडेट मॅनेजरमधून ६.८ घ्या. १ए२बीची ओळ दोघांनाही तीच लागते, ती तुम्हाला व्यनि करते. आणि त्याआधी ईटीसी/मोडप्रोब.डी उघडून पाहा, कोणी पूर्वी काही टाकून ठेवलंय का.

सहा-सातचे डोंगल केबलने टेबलावर आणलेत, बँड २.४ केला. पॉवर सेव्हला हात लावावा लागला नाही.

कर्नलवाला · शुक्रवार, दुपारी १२:२०

बरोबर सांगितलंत ताई. निफाडकर, ६.८ वर आल्यावर एलएसयूएसबी -टी ची ओळ इथे द्या.